साडेआठशे वाती

(चातुर्मास व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा काही भाग)

आजचा विषय मनावरच्या मळभाचा. मी कोकणातला, त्यामुळे मळभाशी माझी जन्मापासूनची ओळख आहे.

रत्नागिरीकडे पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घरात हा आकडा कसा दिसतो? वलणीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, त्यांना आंबूस वास येतो. मिठाला पाणी सुटतं. काडेपेटी चुलीच्या उबेला ठेवली नाही, तर काडीचा गूल नुसता खरवडून निघतो. आठ-दहा दिवस ऊन दिसलं नाही, की घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. याला मनाचे लाड म्हणू नका. उजेड घटला की झोप बिघडते, उमेद खचते. ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं रीतसर वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. ते थंड देशांतल्या हिवाळ्याचं होतं, पण वाचताना मला आमचं माजघर आठवलं. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा सकाळचा चहा पडवीत घ्या. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांकडे जा. त्यानं देवावरची श्रद्धा उणी होत नाही.

आता श्रद्धेबद्दल. आषाढी एकादशीला देव झोपतो आणि कार्तिकीला उठतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास, जैन साधूंचा चातुर्मास, हेही याच पावसातले. वाटा बंद, ओढे भरलेले, म्हणून एका जागी राहायचं. पण आपल्या आयाबायांनी जास्तीत जास्त नेम धरले ते नेमके याच दिवसांत, हे मला विलक्षण वाटतं. देव जागा असताना, ऊन पडलेलं असताना कुणीही हात जोडील. देव निजलेला आहे, तो आज काही ऐकणार नाही, हे मान्य करून जो दिवा लावतो, त्याच्या श्रद्धेला मी श्रद्धा म्हणतो.

माझे वडील ज्येष्ठात गेले. त्या आषाढात आईनं लक्ष वातींचा नेम धरला. हिशेब करा: एकादशी ते एकादशी साधारण ११८ दिवस, म्हणजे रोज साडेआठशे वाती. कापूस दमट, पेळू तुटायचा. ती चिमूटभर राखेत बोटं बुडवायची, मांडीवर कापूस वळायची आणि शंभर वाती झाल्या की दोऱ्यानं जुडी बांधायची. एखाद्या दिवशी दोनशेच व्हायच्या. त्या दिवशी ती चिडायची नाही, की दुसऱ्या दिवशी दुप्पट करायलाही बसायची नाही. थोड्या जास्त करायची, एवढंच.

मी तेव्हा सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीसाठी एका कचेरीत खेपा घालत होतो. एकदा साहेब नव्हते, एकदा शिक्का नव्हता. चौथ्या खेपेला माझ्या अर्जाचा कागदच सापडेना. परतीची एसटी चुकली. भिजून, काळोखात घरी आलो आणि पिशवी भिंतीशी आपटून म्हणालो, "आता मी जाणार नाही. जमीन गेली तर जाऊ दे."

आईनं मान वर केली नाही. "पाय धू. चुलीवर चहा आहे, तो घे. आणि मग इथं बस, आजच्या शंभर राहिल्यात."

मला वाती वळता येत नव्हत्या. पहिल्या पाच-सहा जाडजूड, वेड्यावाकड्या झाल्या. तिनं त्या बाजूला काढल्या नाहीत, जुडीतच घातल्या. बाहेर पाऊस कोसळत होता. कंदिलाच्या उजेडात तासभर आम्ही दोघं बसलो, वडिलांचं नाव कुणी काढलं नाही. जुडी पुरी झाल्यावर तिनं दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "पहिली एसटी किती वाजता सुटते रे?"