मोटारीची तिकोनी खिडकी

प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या आसनावर बसून ज्यांनी भर उन्हाळ्यात प्रवास केला असेल, त्यांना दाराच्या पुढल्या कोपऱ्यातली ती तिकोनी काच खचित आठवत असेल. खिटी सोडून ती जराशी तिरपी केली की आतली कोंदट हवा बाहेर ओढली जाई. आणि पुरती फिरविली की वाऱ्याचा झोत थेट छातीवर येई. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेल्या फिआट ११०० डी ह्या मोटारीचेच पुढे पद्मिनी असे नामकरण झाले. मुंबईच्या टॅक्सींच्या ताफ्यातून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. परंतु हौशी मालकांनी जतन केलेल्या गाड्या देशभर आहेत, आणि त्यांच्या दुखण्यांत ह्या छोट्या खिडकीच्या चौकटीचे दुखणे फार जुने आहे.

दुखणे म्हणजे अर्थातच गंज. काचेभोवतीचे रबर उन्हाने कडक होते, त्याला चिरा पडतात आणि त्यांतून पावसाचे पाणी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात उतरते. तेथे धूळ साचलेली असते. ओली धूळ दिवसेंदिवस सुकत नाही आणि पत्रा आतून खात राहते. वरून पाहावे तर रंगाला एखादा फोड आलेला दिसतो, इतकेच. हा फोड घासून त्यावर रंगाचा हात मारणारे पुष्कळ आहेत. गाडी विकावयाची असली म्हणजे तर विशेषच! पण झाकलेला गंज थांबत नाही. पाणी पुढे दाराच्या पोटात जाते, आणि एका वीतभर चौकटीपायी अखेर सबंध दाराचा तळ सडतो.

म्हणून चौकट बाहेर काढल्यावाचून गत्यंतर नाही. दाराचे आतले आच्छादन उतरवावे, मोठी काच खाली घ्यावी, आणि जखडलेल्या स्क्रूंवर गंज सोडविणारे तेल टाकून रात्रभर स्वस्थ बसावे. ह्या कामात घाई करणाऱ्याच्या हाती बहुधा स्क्रूचे तुटलेले डोके येते. काच कडक केलेल्या जातीची असेल तर तिला कानशीचा स्पर्शही होऊ देऊ नये. अशी काच तासता येत नाही, एकदम तिचा चुरा होतो.

मग प्रश्न उभा राहतो, हीच चौकट सुधारावी की दुसरी आणावी? माझे मत जुनीच्या बाजूचे आहे. मुंबईचा चोर बाजार, दिल्लीचे मायापुरी, कलकत्त्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट, येथे जुन्या भागांचे ढीग पडलेले असतात, हे खरे. पण ह्या गाड्यांची दारे हाताने ठोकून, जुळवून बसविलेली. एका दाराची चौकट दुसऱ्या दाराला केसभर तरी नडतेच. खालचा कोपरा शाबूत असेल, निदान झाळकामाला धरेल इतका पत्रा उरला असेल, तर जुनी टाकू नये. कोपराच उरला नसेल तर मात्र बदलावी. आणि आणलेली चौकट रंगविण्यापूर्वी दारात बसवून, उघडमीट करून पाहावी. रंगानंतर ठोकाठोक करणे म्हणजे केलेल्या श्रमावर पाणी सोडणे होय.

आता रंग. गंज उघड्या धातूपर्यंत घासून काढावा, लगोलग प्रायमर द्यावा, आणि लांबी, म्हणजे पुट्टी, शक्यतो टाळावी. अरुंद चौकटीत रंगाची जाडीही मोजावी लागते. थर जाड झाला की काच रबरात अडकते. म्हणून पातळ हात द्यावेत, मधून मधून वॉटर पेपरने ओली घासणी करावी. मूळ चौकटीवर क्रोम असेल तर तिच्या गुळगुळीत अंगावर रंग टिकणार नाही. ती पुन्हा मुलाम्यालाच द्यावी. आणि श्रावणात हे काम काढू नये. जुन्या पद्धतीचा लॅकर सुकताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर निवते, आणि काळ्याभोर रंगावर पांढुरकी झाक चढते. कोकणपट्टीत हा अनुभव हटकून येतो. रंग पुरता कडक होईतो खिडकी रबरावर मिटू नये. ओला रंग रबराला चिकटला की उघडताना सालपटच निघते.

ह्या खटाटोपापेक्षा खिडकीच काढून अखंड काच बसवावी, असे कोणी सुचवील. परंतु २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या ज्या गाड्या खास नोंदणीला पात्र ठरतात, त्या मूळ स्वरूपात राखलेल्या असाव्या लागतात. आणि नियम बाजूला ठेवला तरी, ती खिडकी गेल्यावर त्या गाडीचा चेहरा तोच राहील काय?

जोडणी करताना नवे रबर साबणाच्या पाण्याने बसवावे. खालच्या खुंटीवरच्या स्प्रिंगचा नट इतकाच आवळावा की काच बोटाने फिरेल, पण धावत्या गाडीत वाऱ्याने फिरणार नाही. शेवटी बाहेरून तांब्याभर पाणी ओतावे. थोडे पाणी दारात उतरेलच. ते तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते की नाही, ते पाहावे. नाही पडले, तर ती छिद्रे तारेने मोकळी करून मगच आच्छादन लावावे.