राज्यकर्त्यांच्या भाषेंत स्वराज्याची मागणी

वसईच्या किल्ल्यांत हिंडणाऱ्याला पोर्तुगीज अंमल म्हणजे पडक्या चर्चांची आणि ढासळलेल्या तटाची गोष्ट वाटते. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला आणि तेथें ती संपली. गोव्यांत मात्र तोच अंमल १९६१ पर्यंत चालला. त्या अंमलाखालीं, चांदर गांवच्या एका सधन ख्रिस्ती घराण्यांत, १८७८ सालीं लुईश द मेनेझिश ब्रागांझा यांचा जन्म झाला.

घराणें जमीनदारांचें, धर्म राज्यकर्त्यांचा आणि शिक्षणाची भाषाहि त्यांचीच! अशा गृहस्थाला स्वस्थ बसून सुखानें जगतां आलें असतें. परंतु वयाच्या बाविसाव्या वर्षीं, १९०० सालीं, मेसियाश गोमिश यांच्या बरोबरीनें त्यांनीं 'ओ हेराल्दो' हें पोर्तुगीज दैनिक काढलें आणि १९११ मध्यें 'ओ देबात' हें पत्र सुरू केलें.

याच सुमारास तुर्की साम्राज्यांत अल्बेनियन लोक आपल्या भाषेंतील शाळांसाठीं आणि पत्रांसाठीं झगडत होते. त्यांच्यांतील फाइक कोनित्सा यानें १८९७ सालीं 'अल्बेनिया' हें नियतकालिक काढलें, तें दूर ब्रसेल्समध्यें. कोनित्साची भाषा स्वतःची, पण छापखाना परका. मेनेझिश यांचा छापखाना घरचा, पण भाषा परकी. त्यांचे लेख लिस्बनला समजत, परंतु चांदरच्या शेतांत राबणाऱ्या कुळाला त्यांतील अक्षरहि लागत नसे. ही उणीव लहान नव्हे.

१९१० सालीं पोर्तुगालांत राजा गेला, प्रजासत्ताक आलें, आणि गोव्यांतील हिंदूंना कायद्यानें समान हक्क मिळाले. मेनेझिश यांनीं या वचनावर भरंवसा ठेवला व लिस्बनच्याच तत्त्वांनीं लिस्बनला जाब विचारला. पण १९२६ मध्यें लष्करानें सत्ता बळकावली. पुढें १९३० सालीं सालाझारनें वसाहतींचा कायदा आणला. परमुलखांवर स्वामित्व गाजवून तेथील लोकांना 'सुधारणें' हें पोर्तुगीज राष्ट्राचें जणूं स्वभावसिद्ध कार्यच आहे, असें त्यांत नमूद होतें.

४ जुलै १९३० रोजीं गोव्याच्या विधिमंडळांत मेनेझिश उभे राहिले. स्वतःचें भवितव्य ठरविण्याचा कोणत्याहि लोकसमाजाचा जन्मसिद्ध हक्क पोर्तुगीज हिंदुस्थान सोडीत नाहीं, अशा आशयाचा ठराव त्यांनीं मांडला. तो संमतहि झाला! सरकारच्या सभागृहांत, सरकारच्या भाषेंत, सरकारच्या कायद्याविरुद्ध! कायदा अर्थातच बदलला नाहीं. वृत्तपत्रांवरील नियंत्रण कडक होत गेलें.

१० जुलै १९३८ रोजीं मेनेझिश निवर्तले. पणजींत १८७१ सालीं स्थापन झालेल्या एका साहित्यसंस्थेला वास्को द गामाचें नांव होतें. गोवा मुक्त झाल्यावर तें जाऊन तेथें मेनेझिश ब्रागांझा यांचें नांव लागलें.