जंगल गेलं, पैसा आला, झाडं कुठली लावायची?



आज बोलू या जंगलाच्या पैशाबद्दल. खाण, धरण, मोठा रस्ता यांसाठी जंगलाची जमीन द्यायची तर १९८० च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची परवानगी लागते. जमीन घेणाऱ्याला बदली झाडं लावण्याचा खर्च भरावा लागतो, शिवाय गेलेल्या जंगलाची किंमतही. हा पैसा ‘कॅम्पा’ निधीत जातो. त्यासाठी २०१६ साली कायदा झाला. निधीतले ९० टक्के राज्याचे, १० टक्के केंद्राचे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३ हजार ८४४ कोटी रुपये आले.

रक्कम मोठी आहे. पण आम्हा बायांचा प्रश्न वेगळा आहे. जंगल गेलं म्हणजे मोहफूल गेलं, चारोळी, तेंदूपान, हिरडा, रानभाज्या गेल्या. बदली झाडं भलत्याच तालुक्यात लागली तर आमच्या टोपलीत काय पडणार? आणि आमच्याच शिवारात नुसता साग लावला, तर सागाचा पाला गुरं खात नाहीत. वर कुंपण पडलं की चराई बंद आणि सरपणाची वाट लांब.

म्हणून हे लक्षात ठेवा. या निधीचे नियम २०१८ साली आले. जंगलातली कामं ठरवताना ग्रामसभेशी किंवा गावच्या वन समितीशी सल्लामसलत करावी आणि ती २००६ च्या वनहक्क कायद्याला धरून असावीत, असं त्यांत लिहिलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे जंगलाचा निर्णय ग्रामसभेत होतो. आपल्यालाही बोलता येईल.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते. तिथे चार प्रश्न मांडू या. रोपवन कोणत्या जागेवर? झाडं कोणती? मजुरी कोणाला आणि किती? तीन वर्षांनी जगलेली झाडं कोण मोजणार? मोह, आवळा, चिंच, बांबू हवा असेल तर तसा ठराव लिहून घ्या आणि वाचून दाखवायला सांगा. मगच सही किंवा अंगठा.

उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही. साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

लावलेल्या रोपाचा फोटो निघतो, जगलेल्या झाडाची मोजणी मात्र राहून जाते. ती मोजणी आपण बचत गटाच्या वहीत करू या. येत्या बैठकीत एक पान त्यासाठी काढा.