खाडा
(वडवणी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऊसतोडीत एक शब्द हाय: खाडा. दुखण्यानं एक दिवस बुडाला, की मुकादम दंड उचलीवर चढवतो. त्याच कोयत्याची पोरगी बी.एस्सी. नर्सिंगला जाते, तर खाडा तिथंही मानगुटीवर बसतो.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम ऐका. परीक्षेला बसायला थिअरीत आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के हजेरी. पदवी मिळायच्या आधी मात्र प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागात १०० टक्के. चुकलेली ड्युटी भरून द्यावीच लागते.

नियम मला मान्य हाय. सलाईन लावणं, बाळंतीण सांभाळणं पुस्तक घोकून येत नाही. सरकारी दवाखान्यातला रोगी आपलाच. त्याच्या उशाशी अर्धवट शिकलेली नर्स कशाला?

सवाल असा की ही हजेरी भरायची कोणाच्या बळावर? दसऱ्यानंतर आईबाप कारखान्यावर. घरी धाकटी भावंडं, म्हातारी आजी. बीडची एसटी, रात्रपाळी, गणवेश, खोलीभाडं. पैसा रोज लागतो, शिष्यवृत्ती येईल तेव्हा येते. डॉक्टराच्या लेकीचा खाडा तापापायी, आमच्या लेकीचा भाड्यापायी. नियम दोघींना एकच, आणि ह्याला हे समता म्हणतात!

आम्हाला टक्क्यात सूट नको. दवाखान्याच्या आवारात मोफत वसतिगृह द्या. सत्र सुरू होतानाच शिष्यवृत्ती द्या. बुडालेली ड्युटी त्याच वर्षी, दंडाशिवाय भरून घ्या, आणि तसं लेखी द्या.

बाबासाहेबांनी सांगितलं, शिका. शिकायला आमच्या पोरी निघाल्यात. शंभर टक्के हजेरी त्या देतील. तिथवर पोचायची वाट सरकारनं मोकळी करावी. नाहीतर रस्त्यावर आमची हजेरी लागेल, आणि तिथं खाडा पडणार नाही!

जय भीम!