ऐनाखालचा वर्ग



‘तरुणांनी काय करावे’ हा विषय आपल्या पत्राने मला नेमून देण्यात आला होता. परंतु शाळेच्या पटांगणाच्या कडेचे ते ऐनाचे झाड दृष्टीस पडले, आणि विषयावरचा माझा अंमल तेथेच संपला. त्याच झाडाखाली आमचे विज्ञानाचे गुरुजी पुस्तक मिटून आम्हांस बसवीत, आणि कोसा रेशमाची ती हिरवीगार, जाडजूड अळी पान कडेने कशी कुरतडते, चार वेळा कात टाकून कशी वाढते व अखेरीस देठाने फांदीस टांगलेल्या टणक कोशात स्वतःस कशी कोंडून घेते, हे आमच्याच तोंडून वदवीत. या भंडारा जिल्ह्यातील ढिवर बांधवांनी ऐन-अर्जुनावरच्या अळ्यांची, पाखरे हाकीत व मुंग्यांचा बंदोबस्त करीत, पिढ्यानपिढ्या राखण केली, म्हणून तर आंधळगावचे माग चालले. पण कोशाचे लुगडे मिरविणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती अळी पाहिली असेल?

माझा हट्ट एवढाच, की किडा दिसताच चप्पल उचलण्यापूर्वी वही उघडावी आणि नाव विचारण्यापूर्वी पाय मोजावेत. मृगाच्या पहिल्या सरींनंतर जमिनीवर येणारा तो मखमली तांबडा ‘मृगाचा किडा’ घ्या. त्याचे पाय आठ भरतात, म्हणजे तो कीटकांचा नव्हे, कोळ्यांच्या भावकीतला. धानाच्या बांधीत गादमाशीने पोंगा चंदेरी केला, की आपण पंप पाठीवर घेतो. पण गादमाशीच्या अळीवरच पोसणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी आणि तुडतुडे टिपणारा कोळी हे दोघेही त्याच फवाऱ्यात सापडतात. याची सविस्तर उपपत्ती सांगण्याचा माझा बेत होता खरा. परंतु पहिल्या रांगेतले दादाजी, ज्यांनी रानात कोसा राखताना आयुष्य वेचले, मघापासून मान हलवीत आहेत, आणि ती संमतीची की नापसंतीची हे मला उमगत नाही. तेव्हा पुढचा अध्याय त्यांनीच उद्या त्या झाडाखाली सांगावा, अशी माझी अर्जी आहे. वही आणा, मुलांनो. दादाजी दोनदा सांगत नाहीत, हा माझा बालपणीचा अनुभव.

सरपंचताई, आपण मघाशी पटांगणास कुंपण घालण्याचा मनोदय बोलून दाखविलात. ते ऐनास आत घेऊन घालावे. मुख्याध्यापक महोदय, वर्गांतली जळमटे झाडण्याचा हुकूम निघण्यापूर्वी त्यांतल्या रहिवाशांची एकवार मुलांकडून नोंद करवून घ्यावी.

पडद्याआड नाटकातली पात्रे मिशा सावरीत खोळंबली आहेत. तेव्हा आता रजा घेतो.