घरपट्टीची माफी : कोणाला, कोणाच्या खर्चाने?

(अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मालमत्ता कराचा विषय निघाला की आपल्या शाखांतून एकच मागणी पुढे येते : कर माफ करा. मागणी रास्त आहे. परंतु कोणाचा कर आणि कोणाच्या खर्चाने माफ करायचा, हा प्रश्न कम्युनिस्टांनी विचारला नाही, तर तो दुसरे कोणी विचारणार नाही.

मुंबईचे उदाहरण घ्या. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि शहराच्या वेशीवरची जकात संपली. जकात जिनसांच्या किमतीत मिसळून अखेर कष्टकऱ्याच्याच खिशातून जाई. तिच्यासाठी हळहळण्याचे आपल्याला कारण नाही. मात्र तेव्हापासून महापालिकेच्या हाती स्वतःचा असा मोठा कर उरला तो मालमत्ता कर. तो संपत्तीवर थेट बसतो. म्हणून तो सरसकट मोडीत काढणे आपल्या हिताचे नाही.

2010 पूर्वी हा कर भाड्यावरून काढलेल्या करयोग्य मूल्यावर बसे. जुन्या चाळींतील भाडी कायद्याने गोठलेली, त्यामुळे करही अल्प. 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत आली आणि जमिनीचा बाजारभाव आकारणीत शिरला. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले म्हणून लालबागच्या रहिवाशाचे वेतन वाढले नाही. त्याच्या खोलीचे मूल्य मात्र कागदावर वाढले. शिवाय भाडे नियंत्रण कायदा घरमालकाला करवाढ भाडेकरूकडून वसूल करू देतो. कर संपत्तीवर आणि भरणारा संपत्तीहीन, असा हा प्रकार! म्हणूनच 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना आरंभी वाढीपासून संरक्षण द्यावे लागले. 2019 ची माफी केवळ सर्वसाधारण करापुरती होती. इतर उपकरांची देयके येतच राहिली. पूर्ण माफी जाहीर झाली जानेवारी 2022 मध्ये, सभागृहाची मुदत संपत आली असताना. सुमारे 16 लाख घरे तिच्या कक्षेत आली.

या माफीला आपण विरोध करायचा काय? मुळीच नाही. निवृत्त गिरणी कामगाराच्या घरात त्या पैशाला मोल आहे. पण चौरस फूट हे दारिद्र्याचे माप नव्हे. परळच्या खोलीइतकीच मलबार हिलवरील छोटी सदनिकाही पात्र ठरते. राहते घर कोणते आणि गुंतवणूक म्हणून कुलूप लावून ठेवलेले कोणते, हे ही माफी विचारीत नाही. उलट पुनर्विकासात थोडे मोठे घर मिळालेली, घरकामावर जगणारी विधवा पूर्ण कर भरते.

केरळात 2023 मध्ये डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने 60 चौरस मीटरपर्यंतच्या राहत्या घराला सूट दिली, पण एका व्यक्तीला एकाच घरापुरती. त्याच वेळी इतरांच्या करात दरवर्षी 5 टक्के वाढही ठरवली, हे आपण लपवू नये.

दुसरा धोका ब्रिटनमध्ये दिसला. इंग्लंडमधील घरपट्टीतील सर्वांत वरच्या श्रेणीचे घर सर्वांत खालच्या श्रेणीच्या केवळ तिप्पट कर देते. इंग्लंडमध्ये मूल्यांकन अजून 1991 च्या किमतींचे! अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारे केंद्रीय साहाय्य एप्रिल 2013 मध्ये बंद करून ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली, आणि सोबतचा निधी कापला गेला. निवृत्तांना संरक्षण राहिले. परंतु अनेक ठिकाणी बेकार आणि अल्पवेतनी कुटुंबांना प्रथमच कराचा काही भाग भरावा लागला.

तेव्हा आपली मागणी नेमकी हवी. सूट राहत्या एकाच घराला आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचा विचार करून. भाडेकरूच्या पावतीत ती प्रत्यक्ष दिसली पाहिजे. तूट भरून निघावी आलिशान आणि रिकाम्या सदनिकांवरील चढत्या दरातून. राज्य सरकारने घोषणा केली तर भरपाईही त्यानेच द्यावी, सफाई कामगारांची भरती रोखून ती वसूल होता कामा नये. पुढील बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील दहा भाडेपावत्या आणाव्यात. माफीनंतरही घरमालक कराच्या नावाने काय घेतो, ते त्यांतून पाहू.