आवश्यक तेवढीच तपासणी
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा माणूस. रोगनिदानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ताळेबंद वाचून एका देणगीदारांनी विचारले, ‘‘आम्ही दिलेले स्कॅनचे यंत्र निम्मा दिवस रिकामे का?’’ प्रश्न सद्‌हेतूचा आहे, म्हणून उत्तर देणे मी कर्तव्य समजतो.

यंत्र आले की देखभालीचा खर्च सुरू होतो आणि तो भरून काढण्यासाठी रुग्ण शोधण्याचा मोह होतो. मीही त्यातून सुटलो नव्हतो. दरमहा डॉक्टरनिहाय तपासण्यांच्या उत्पन्नाचे पत्रक मी काढीत असे. त्यावर कोणी काही बोलत नसे. पण पत्रक पुरेसे बोलके होते.

रापण ओढून कंबर धरलेला मच्छीमार येतो. पायांत अशक्तपणा, ताप, लघवीवरचा ताबा सुटणे अशी लक्षणे नसतील तर पहिले सहा आठवडे स्कॅनची सहसा गरज नसते, असे वैद्यकशास्त्र सांगते. तरीही स्कॅन केला की वयोमानाची झीज दिसते. तिचा वेदनेशी संबंध असेलच असे नाही. पण घाबरलेले कुटुंब बांबोळीची वाट धरते आणि ऐन हंगामाचे दिवस बुडतात.

गणपतीला आलेले चाकरमानी ‘‘बाबांच्या सगळ्या तपासण्या करून टाका’’ असे प्रेमापोटीच सांगतात. जुलाबाच्या रुग्णाला पेज आणि जलसंजीवनी घोटघोट घेता येत असली, तरी सलाईनचा आग्रह होतो. नकार देणारा डॉक्टर मग निष्काळजी ठरतो!

हा मोह कोठवर जातो? बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नाची शासनाने २०१९ मध्ये चौकशी केली. पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे मी म्हणत नाही. परंतु हा आकडा वाचल्यावर मला माझे मासिक पत्रक आठवले.

ते पत्रक आता बंद केले आहे. याचा अर्थ हात आखडता घेतला असा नव्हे. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्याला ताप आला, तर लेप्टोच्या संशयाने रक्ततपासणी तत्काळ होते. तेथे विलंब जिवावर बेततो.

तपासणी-उत्पन्नातील यंदाची घट या निर्णयामुळे आहे. यंत्राच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधी उभारावा, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे.